केवलादेव घाना सायकलवर: पाच किलोमीटरच्या रस्त्याला अख्खा दिवस कसा द्यायचा

भरतपूरहून परतलेल्या ओळखीच्या मंडळींचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते सुरू झालं की शेवट मीच करून टाकतो: ‘सायकल घेतली, देवळापर्यंत गेलो, परत आलो, दोन तासांत झालं की सगळं!’ झालं खरं. मुख्य फाटकापासून केवलादेवाच्या देवळापर्यंतचा डांबरी रस्ता जेमतेम पाच किलोमीटरचा आहे, सपाट आहे, आणि भाड्याच्या साध्या सायकलवरसुद्धा अर्ध्या तासात संपतो. पण तेवढ्यासाठी महाराष्ट्रातून रात्रभर रेल्वेत बसून राजस्थान गाठायची काही गरज नव्हती.

घाना (तिथले लोक केवलादेव राष्ट्रीय उद्यानाला नुसतं घाना म्हणतात) साधारण २९ चौरस किलोमीटरचं, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असं पाणथळ रान आहे. फाटकापासून दीडेक किलोमीटरवरच्या शांती कुटीरच्या नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. तिथून पुढे पायी, सायकलने किंवा रिक्षाने जायचं. मातीच्या बांधांनी पाणथळ जागेचे भाग पाडलेत, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि या बांधांवरून बाभळींच्या सावलीत वाटा गेल्यात. लोक चुकतात ते इथेच. सायकल हातात आली की अंतर कापायची सवय जागी होते. घान्यात सायकलचा खरा फायदा एवढाच, की हवं तिथे, हवं तितका वेळ, कुणालाही न विचारता थांबता येतं. खालची सगळी तयारी त्या थांबण्यासाठी आहे.

## १. आधी महिना, मग पाणी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत स्थलांतरित बदकं आणि हंस असतात. पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही मंडळी याच दिवसांत भेटतात. चित्रबलाकांची (रंगीत करकोच्यांची) वीण मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होते. घरट्यांनी लगडलेल्या बाभळी पाहायच्या असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरही चालेल, फक्त उकाडा, डास आणि चिखल गृहीत धरा. एप्रिल ते जून सायकलचा विचार सोडून द्या. पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबराची धग खालून लागते ती वेगळीच.

महिना सगळेच बघतात, पाणी कुणी बघत नाही. घान्याचं पाणी मुख्यतः बाहेरून सोडलेलं असतं. पूर्वी ते अजान बांध या जवळच्या जलाशयातून यायचं. गंभीर नदीवर वरच्या बाजूला पांचना धरण झालं, तेव्हापासून पाण्याची ओढाताण सुरू झाली, आणि आता गोवर्धन नाला व चंबळच्या पाण्यावरही भिस्त असते. म्हणजे ऐन डिसेंबरातही एखाद्या वर्षी काही ब्लॉक तुडुंब, तर काही कोरडे असू शकतात. कोरड्या ब्लॉकच्या बांधावर तुम्ही कितीही सायकल हाणा, नीलगायी आणि गुरंच दिसणार.

तपासा: खोली आरक्षित करताना हॉटेलवाल्याला ‘पक्षी आहेत का?’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. ‘या वर्षी पाणी कधी सोडलं? आत्ता कुठल्या ब्लॉकमध्ये आहे?’ असं विचारा. ब्लॉकना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. समोरच्याने दोन-तीन अक्षरं पटापट सांगितली, तर तो आत जाणारा माणूस आहे असं समजा.

## २. पोहोचण्याचं गणित

भरतपूर स्टेशन मुंबई-दिल्ली मार्गावर, कोटा आणि मथुरा यांच्या मध्ये आहे. स्टेशनपासून उद्यानाचं फाटक पाच-सहा किलोमीटरवर येतं. आग्र्याहून आलात तर साधारण ५५ किलोमीटर. आग्रा-जयपूर महामार्गावरच फाटक आहे, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

चूक होते ती वेळेची. ‘सकाळी गाडीतून उतरू, सामान टाकू, लगेच आत जाऊ’ हा बेत डिसेंबर-जानेवारीत हमखास फसतो. उत्तरेतलं धुकं गाड्यांना तासन्‌तास रखडवतं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोहोचा, आणि आतले किमान दोन दिवस हाताशी ठेवा. पहिला दिवस वाटा कळण्यात जातो. खरं बघणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

वेळा आणि शुल्क निघण्याआधी राजस्थान वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. ओळखीच्या कुणाचे तीन वर्षांपूर्वीचे आकडे उपयोगाचे नाहीत.

## ३. रात्रीच भरायची पिशवी

सायकलवर नेण्याची पिशवी ट्रेकच्या पिशवीपेक्षा वेगळी असते. जड सॅक पाठीवर घेऊन दर पाच मिनिटांनी उतरायचं-चढायचं म्हणजे दुपारपर्यंत खांदे बोलायला लागतात. सामान कॅरियरवर आणि दुर्बीण अंगावर, अशी विभागणी करा.

कॅरियरवर: दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ (डब्यात, प्लास्टिकच्या कुरकुरणाऱ्या पाकिटात नको), पातळ रेनकोट किंवा प्लास्टिकची शीट, जुना टॉवेल, कपाळावर लावायचा टॉर्च, आणि पिशवी बांधायला हुक असलेली दोन रबरी दोरकं. अंगावर: दुर्बीण, मोबाइल, ओळखपत्र, सुटे पैसे. दुर्बिणीचा पट्टा आखूड करा, आणि गळ्यात सरळ न अडकवता एका खांद्यावरून तिरपा काखेत घ्या. गळ्यात लोंबणारी दुर्बीण प्रत्येक खड्ड्यात हँडलवर आपटते. तो ‘ठक्’ आवाज शांत पाण्यावर कुठवर जातो हे एकदा ऐकलं की पट्टा आपोआप आखूड होतो.

खिशात चार रबरबँड आणि शर्टाच्या खिशाएवढा चपटा लाकडाचा तुकडा ठेवा. कशासाठी ते पुढे येईलच.

कपड्यांचं थोडक्यात: थंडीत पहाटेचा पारा पाच अंशांच्या आसपास जातो आणि सायकलवर वारा लागून तो आणखी खाली वाटतो. दहा-साडेदहाला मात्र स्वेटर नकोसा होतो. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घाला. हातमोजे विसरू नका, गारठलेल्या बोटांनी ब्रेकही दाबत नाही आणि दुर्बिणीचा फोकसही फिरत नाही. रंग मातकट, हिरवट, करडे. पांढरी टोपी नको.

## ४. सायकल निवडणं: फाटकावरची दहा मिनिटं

सायकली फाटकापाशी भाड्याने मिळतात, बरीच हॉटेलंही देतात. ओळखपत्र किंवा अनामत रक्कम ठेवावी लागते. बहुतेक सायकली बिनगिअरच्या, जड आणि काळ्या असतात, आणि या सपाट जागेला त्याच बऱ्या. गिअरवाली दिसली म्हणून धावू नका. तिचा एक भाग हटकून सैल असतो.

सकाळी गर्दी होते, लोक हाताला येईल ती ओढून पळतात. तुम्ही शांतपणे हे बघा, याच क्रमाने:

टायर. अंगठ्याने दाबून हवा बघा. मग चाक हळूहळू फिरवत पूर्ण रबर नजरेखालून घाला. घान्यात विलायती बाभळीचं रान माजलेलं आहे, आणि आदल्या दिवशीचा काटा टायरमध्ये तसाच असतो. असा काटा दिसला तर ती सायकल बाजूला ठेवा.

ब्रेक. मागचं चाक उचलून फिरवा आणि दाबा. पुढच्यासाठी ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं टोक उचललं गेलं पाहिजे.

आवाज. सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सायकल दोन हातांनी धरून चार बोटं वर उचला आणि जमिनीवर सोडा. मडगार्ड खडखडतो का? चेनचं झाकण घासतंय? घंटी आपोआप किणकिणते? मडगार्डच्या सैल पट्टीला आणि घंटीच्या खटक्याला तुमचे रबरबँड लावा. चेन करकरत असेल तर तेल मागा, देतात.

स्टँड. शक्यतो दोन पायांचा मागचा स्टँड असलेली सायकल घ्या. एकपायी स्टँड मऊ मातीत दगा देतो.

सीट. एरवी आपण सीट अशी लावतो की पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होतो. इथे त्याहून दोन बोटं खाली ठेवा. सीटवर बसूनच दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, कारण दिवसभरात शंभर वेळा तरी थांबायचंय आणि दर वेळी उतरायचं नाहीये.

तपासा: कुलूप उघडतं-लागतं का, किल्ली एकच आहे का. भाडं देणाऱ्याचा मोबाइल नंबर फोनमध्ये टाका आणि तिथल्या तिथे एक मिस्ड कॉल देऊन बघा. सायकलचा फोटोही काढा. देवळापाशी एकसारख्या वीस काळ्या सायकली उभ्या असतात. दुसऱ्याचीच सायकल घेऊन निघालेले लोक मी पाहिलेत, आणि एकदा त्यांत मीही होतो.

## ५. तिकीट आणि वाटाड्या

तिकीट काढतानाच विचारून घ्या: एकदा बाहेर पडलं तर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का? दुपारी जेवायला हॉटेलवर जाऊन संध्याकाळी पुन्हा येण्याचा बेत करणारे नेमके याच ठिकाणी अडकतात. मी तर सरळ असंच धरून चालतो, की एकदा आत गेलं की संध्याकाळीच बाहेर. डबा सोबत.

फाटकावर अधिकृत वाटाडे तासाच्या हिशेबाने मिळतात, स्वतःच्या सायकलवर तुमच्याबरोबर येतात. पहिल्या दिवशी सकाळच्या तीन तासांसाठी जरूर घ्या. पूर्ण दिवसासाठी मी घेणार नाही. दुपारनंतर माणसाला एकट्याने रेंगाळावंसं वाटतं, आणि सोबतचा माणूस बिचारा घड्याळ बघत उभा राहतो. निघण्यापूर्वी वाटाड्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: ‘मोजायचे नाहीत, बघायचेत.’ नाहीतर तो तुम्हाला भराभर शंभर पक्ष्यांची यादी करून देईल, आणि घरी आल्यावर त्यातले सात आठवतील.

लहान मुलांना कॅरियरवर बसवू नका. आरीत पाय जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन रिक्षात बसणं केव्हाही बरं. मोठ्यांपैकी एकाने सायकल घ्यावी आणि अदलाबदल करावी.

## ६. पहिला टप्पा: फाटक ते शांती कुटीर

सूर्योदयाला फाटक उघडतं तेव्हाच आत जा. सुरुवातीच्या दीडेक किलोमीटरवर थोडी वर्दळ असते: रिक्षा, कर्मचाऱ्यांची वाहनं, उत्साही गट. आजूबाजूला कोरडं झुडपी रान आहे. पिंगळा वगैरे इथे दिसतात, पण ते संध्याकाळीही दिसतील. हा तुकडा न रेंगाळता पार करा. संपूर्ण दिवसात मी तुम्हाला घाई करायला सांगतोय ती एवढ्याच ठिकाणी.

धुकं असेल तर हिशेब बदलतो. दहा वाजेपर्यंत पुढचं झाड दिसत नाही अशा सकाळी बरेचजण फाटकाबाहेर चहा पीत बसतात. तुम्ही आत जा, पण डांबरी रस्ता सोडू नका. डाव्या कडेने, चालण्याच्या वेगाने. धुक्यात दिसत नसलं तरी ऐकू भरपूर येतं. एकदा सायकल हातात धरून मी असाच उभा होतो, सगळीकडे नुसतं पांढरं, आणि डाव्या हाताला कुठेतरी सारसांची जोडी ओरडली. तुतारीच जणू. आवाज इतका जवळचा, की मी दोन पावलं मागे सरलो. धुकं विरल्यावर पाहिलं तर जोडी चांगली दोनेकशे पावलांवर होती.

सावध: धुक्यात बांधावर सायकल घालू नका. दवाने गवत निसरडं असतं आणि कडा दिसत नाही. नीलगाय रस्त्यावर आली तर घंटी न वाजवता थांबा, ती आपली जाते. रानडुक्कर दिसलं तर अंतर वाढवा. पिल्लं बरोबर असतील तर सरळ मागे फिरा.

## ७. थांबायचं कसं

हा भाग दोनदा वाचा. दिवस फुकट जातो तो बहुतेक इथेच.

चालत्या सायकलला पक्षी फारसे भीत नाहीत. रस्त्याकडेच्या बगळ्यासमोरून तुम्ही एका वेगात गेलात तर तो मान वर करून बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. सायकल थांबली, वर बसलेला आकार अचानक उंच झाला, एक पाय हवेत फिरला, की तो उडतो. म्हणजे पक्षी बिचकतो तो तुमच्या उतरण्याला. म्हणून:

पक्षी दिसल्यावर लगेच ब्रेक दाबू नका. नजर पुढे ठेवून त्याच वेगात निघून जा, किंवा तो अजून लांब असतानाच थांबा. अगदी समोर मात्र कधीही नाही.

वेग कमी करताना पेडल मारणं एकदम बंद केलंत तर फ्रीव्हील टकटकतं. अगदी हलका पाय पुढे फिरवत राहा, आवाज बंद होतो. हे जमायला अर्धा तास लागतो.

जागा निवडताना बाभळीच्या खोडाची आड घ्या. पक्षी ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला उतरा, म्हणजे तुमच्या आणि त्याच्या मध्ये सायकल येते. पाय मागून उंच फिरवू नका. सीट खाली घेतलेली आहेच, दोन्ही पाय टेकून आधी नुसते उभे राहा आणि दुर्बिणीतून बघा. दहापैकी सात वेळा उतरायची गरजच पडत नाही.

उतरलातच तर स्टँड पायाने खाडकन मारू नका. त्याची स्प्रिंग ‘खट्’ वाजते. एका हाताने सीट उचलून स्टँड चवड्याने हळू दाबत खाली आणा.

आता तो लाकडाचा तुकडा. एका वर्षी पावसाळ्यानंतर मी बांधावर सायकल एकपायी स्टँडवर टेकवून थोडा पुढे गेलो. समोर बदकांचा थवा, अगदी जवळ, मी श्वास रोखून. मागे मातीत स्टँड हळूहळू रुतत होता, मला पत्ता नाही. आधी कॅरियरवरची बाटली खळ्ळकन हलली, मग सायकल आडवी झाली आणि उतारावरून घसरत हँडलपर्यंत पाण्यात गेली. थवा तर उडालाच, पलीकडच्या ब्लॉकमधलाही उडाला. पिशवीतलं पक्ष्यांचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. त्याची पानं पापडासारखी वाजतात. तेव्हापासून स्टँडच्या टोकाखाली तो चपटा तुकडा ठेवल्याशिवाय मी हात सोडत नाही. दोन पायांचा स्टँड असला तरी ओल्या मातीत सायकल बाभळीलाच टेकवलेली बरी. आधी खोडावर काटे आणि मुंग्या बघून घ्या.

गटात असाल तर एका ओळीत, दोघांमध्ये वीस-तीस पावलं ठेवून चला. पहिल्याने डावा हात वर केला की सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं. हाका मारायच्या नाहीत. मोटारींचा आवाज नसल्यामुळे घान्यात साधं बोलणंही लांबवर जातं, आणि आपण मराठी माणसं ‘अगं ते बघ!’ कुजबुजत कधीच म्हणत नाही.

## ८. सापन मोरी आणि बांधावरच्या वाटा

शांती कुटीरनंतर देवळाच्या वाटेवर सापन मोरी लागते. मोरी म्हणजे पाणी इकडून तिकडे सोडायची जागा, आपल्याकडच्या रस्त्याखालच्या मोरीसारखीच. पाणी असलेल्या वर्षी आजूबाजूच्या बाभळींवर चित्रबलाकांची दाटी असते, खाली पाण्यात वारकरी (हे काळे पाणपक्षी) आणि जांभळ्या पाणकोंबड्या, ओंडक्यावर पंख पसरून वाळवणारा सर्पपक्षी. इथे एक तास सहज जातो. जाऊ द्या.

ऊन पडून दव वाळलं की बांधावर उतरा. कुठला बांध ते पाणी ठरवेल. वाटाड्याला विचारा, किंवा आकाशात बघा, थवे कुठे उतरतायत ते. मनाई किंवा बंदीची पाटी असलेल्या वाटेवर जायचं नाही, मग तिच्यावर चाकांचे कितीही ताजे ठसे असोत.

बांधावर शिरताना पहिली शंभर पावलं सायकल हाताने धरून चाला. माती कितपत धरते, काट्यांच्या फांद्या पडल्यात का, पुढे रुंदी किती उरते, हे चालताना कळतं. ठीक असेल तर बसा आणि वाटेच्या मधोमध, जिथे गवत तुडवून माती दिसते, तिथूनच चालवा. कडेच्या गवतात गळालेले काटे असतात. उन्हं वर आल्यावर वाटेवर साप पहुडलेला असू शकतो, त्यामुळे नजर दर थोड्या वेळाने चाकापुढे आणा. दोन्ही बाजूंना पाणी असलं की माणूस वर बघत सायकल चालवतो, आणि मग ती चालते तिला वाटेल तिकडे.

सकाळी सूर्य पाठीशी येईल असा बांध निवडला तर रंग दिसतात. उलट दिशेने गेलात तर सगळी बदकं काळीच.

तपासा: दर अर्ध्या तासाने दोन्ही टायरवरून नजर फिरवा. पाण्याची बाटली किती उरली तेही बघा.

## ९. देऊळ, डबा आणि अजगर

केवलादेवाच्या देवळापाशी अकरा-साडेअकराला पोहोचणं हा चांगला वेग. इथे सावली आहे, गर्दी आहे, माकडंही आहेत. खाऊची पिशवी कॅरियरवर सोडून दर्शनाला गेलात तर ती प्रसाद म्हणून वाटली जाईल. जवळच शिकारीच्या जुन्या नोंदींचे दगडी फलक आहेत. १९३८ सालची एका दिवसातली ४,२७३ पक्ष्यांची ओळ शोधून वाचा आणि मग डबा उघडा.

अजगर दुपारच्या आधी-नंतरच्या उन्हात बघायचे. थंडीत ते बिळाच्या तोंडाशी ऊन खायला येतात, म्हणून पहाटे पायथन पॉइंटकडे धावण्यात काही अर्थ नाही. पुष्कळजण हा क्रम उलटा लावतात आणि ‘अजगर नव्हताच’ म्हणत परततात. वनखात्याने ती बाजू बंद ठेवली असेल तर आग्रह धरू नका. उघडी असेल तर सायकल मुख्य वाटेवर लावून पायी जा. पावलांची धमक जमिनीतून त्यांना कळते आणि अजगर आत सरकतो. दहा पावलांवर थांबा, बिळावर उभे राहू नका, आणि कुणी कितीही भरीस घातलं तरी काडीने डिवचू नका.

उद्यानातल्याच मानसरोवर नावाच्या भागाकडची फेरी दुपारनंतर, अंगात दम असेल तर. पाणी नसेल तर सोडून द्या.

## १०. काटा रुतलाच तर

टायरमध्ये काटा दिसला आणि हवा अजून टिकून असेल तर तो उपटू नका. काटाच बूच होऊन बसलेला असतो. तसाच डांबरी रस्त्यापर्यंत या आणि हलके हलके फाटकाकडे निघा. हवा पूर्ण गेली असेल तर सायकलवर बसू नका, टायर-ट्यूब कापली जाते आणि भरपाई तुमच्या माथी येते. हाताने ढकलत मुख्य रस्ता गाठा, भाडेवाल्याला फोन करा, किंवा रिकाम्या परतणाऱ्या रिक्षावाल्याला विचारा.

पंक्चरचं सामान स्वतः नेण्यात मला फारसं हशील वाटत नाही. या जड सायकलींचं मागचं चाक काढायला पाना लागतो आणि अर्धा तास जातो. पाच किलोमीटर चालणं परवडलं.

## ११. परतीचा हिशेब

सूर्यास्ताला बाहेर असायला हवं. देवळापासून फाटक पाच किलोमीटर, म्हणून ‘अर्ध्या तासात जाऊ’ असं मनात येतं. नाही जात. परतीच्या वेळी तिरपं ऊन सापन मोरीच्या बाभळींवर पडतं, चित्रबलाकांची गुलाबी पिसं तेव्हाच खरी दिसतात, आणि तुम्ही पुन्हा थांबता. सूर्यास्ताच्या दीड तास आधी देवळापासून निघा. बांधावर असाल तर दोन तास आधी.

शेवटच्या पंधरा मिनिटांत जोरात सायकल मारत फाटकाकडे पळणारे गट रोज दिसतात. रस्त्यावर तेव्हाच गुरं, नीलगायी आणि कोल्हे ये-जा करत असतात आणि सायकलला दिवा नसतो. तसं झालंच तर कपाळावरचा टॉर्च लावा, खाली जमिनीकडे वळवून.

सायकल परत देताना सकाळी काढलेला फोटो दाखवा, अनामत आणि ओळखपत्र दोन्ही हातात घ्या, आणि मडगार्डवरचे रबरबँड काढायला विसरू नका. उद्या लागणारच आहेत. तीच सायकल उद्यासाठी बाजूला ठेवायला सांगा. चार पैसे जास्त मागितले तर द्या, तिची सीट तुमच्या उंचीला लावलेली आहे.